टीव्हीतल्या बाईंनी ‘बसा’ म्हटलंच नव्हतं

पहिल्या रविवारी आम्ही सगळे उभे राहिलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी उभे. पेणच्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर, एका भल्या मोठ्या टीव्हीसमोर, लहान पोरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसलेली आम्ही वीस-बावीस मोठी माणसं. कुणाला झुपकेदार मिशी, कुणाच्या मांडीवर मूल. टीव्हीवरच्या मुंग्या गेल्या, निळ्या पडद्यापुढे सुती साडीतल्या एक बाई दिसायला लागल्या, त्यांनी हात जोडून “नमस्कार” म्हटलं, आणि बाक खरखरवत अख्खा वर्ग उभा! “नमस्तेऽ बाईऽ” सुद्धा झालं, अगदी पहिलीत म्हणायचो त्या चालीवर. बाई शिकवायला लागल्या. आम्ही उभेच. कारण बाईंनी ‘बसा’ म्हटलंच नव्हतं.

केंद्राचे सर मागून हसू दाबत म्हणाले, “अहो बसा, बसा. त्यांना तुम्ही दिसत नाही.” मग एकेक जण ओशाळून खाली बसला. बसताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

आता आमच्या घरातली पोरं मोबाईलवर वर्ग भरवतात, काचेला बोट लावून परीक्षा देतात आणि मला विचारतात, “तुला याचं काहीच कसं नवल वाटत नाही?” अरे बाबांनो, माझं सगळं नवल तेव्हाच वाटून संपलं. नव्वद साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा. आमच्याकडे फोन नव्हता, घरातला टीव्ही काळा-पांढरा, आणि त्यावर एखादं माणूस नीट दिसायचं असेल तर दुसऱ्या माणसाला कौलांवर चढून अँटेना धरावी लागायची.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरावरचं. दिवाळी झाली की पावसापर्यंत मिठाचं काम. मिठाची टोपली उचलण्याइतकी मुलगी मोठी झाली की तिची शाळा संपली, एवढा साधा हिशोब होता. माझी सातवीनंतर संपली. रडले नाही, सगळ्याच मुलींचं तसं होतं. पुढे लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला आले. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दीड वर्षाची मुलगी. पावसात भात, भात कापलं की त्याच जमिनीत वाल. सासूबाई शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या, कागदावर अंगठा द्यायच्या, पण शेतातलं आणि घरातलं एकही काम त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. मी तर नाहीच नाही.

एके दिवशी नवऱ्याने जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घडी घातलेला एक फॉर्म काढला. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी घरी बसून शिकायचा अभ्यासक्रम. एक परीक्षा पास झालं की दहावी नसतानाही पुढे पदवीला बसता येतं. “भर,” तो म्हणाला. त्याचं बोलणं एवढंच. त्याच्या एका शब्दावर मी फॉर्म भरला, पोस्टाने पुस्तकं आली, आणि पुस्तकांबरोबर एक चिठ्ठी: दर रविवारी, बारा रविवार, उपग्रहावरून थेट वर्ग. डिश पेणच्या केंद्रावर होती. म्हणजे रोह्याहून नागोठण्यावरून एसटीने पेण गाठायचं आणि तसंच परत यायचं.

हा थेट वर्ग म्हणजे काय, ते सरांनी आम्हांला खडू आणि डस्टर घेऊन समजावलं. बाई दूर कुठल्याशा शहरात स्टुडिओत उभ्या. तिथून त्यांचं चित्र आणि आवाज वर आभाळात उपग्रहाकडे जाणार, म्हणजे डस्टरकडे. डस्टरकडून त्याच घडीला खाली, राज्यातल्या सगळ्या केंद्रांच्या डिशांवर. आपल्याला बाई दिसणार. बाईंना आपण दिसणार नाही. पण विचारायचं असेल तर टीव्हीवर खाली पट्टीत नंबर येतो, त्यावर फोन लावायचा. तुमचा आवाज बाईंना ऐकू जाणार, आणि सगळ्या केंद्रांवरच्या टीव्हीतूनही येणार.

ऐकून मान डोलावली सगळ्यांनी, पटलं कुणालाच नाही. मग दुसऱ्या रविवारी बाई म्हणाल्या, “बोला, आपला प्रश्न विचारा.” आणि टीव्हीतून कुणीतरी खोकलं. कुठल्या तरी लांबच्या केंद्रावरचा पुरुष माणूस. प्रश्न विचारण्याआधी घसा साफ करत होता बिचारा. मी बाकावर ताठ झाले. ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही, बघणार नाही, ज्याचं गाव कुठे हेही मला ठाऊक नाही, त्याचा खोकला आभाळात जाऊन पेणला उतरला होता! माझ्या अंगावर काटा आला. खोकल्यावर काटा आलेली मी एकटीच असेन. पुढे त्याने काय विचारलं ते एक अक्षर मला आठवत नाही.

घरी येऊन हे मी सासूबाईंना सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजे टीव्हीच बघायला जातेस ना? मग आपल्या घरात नाय काय टीव्ही?”

“तसा टीव्ही नाय, आई. ती बाई आपल्याशी बोलते.”

“बातम्या देणारी पण बोलते. ती काय माझ्याशी बोलते व्हय?”

त्यांचंही चूक नव्हतं. रविवार म्हणजे वालातलं तण बेणणं, धुणं, नवऱ्याची दुसरी शिफ्ट असली तर त्याचा डबा, आणि सून मुलीला टाकून सकाळच्या एसटीने पेणला टीव्ही बघायला! आळीत बायका विचारायच्या, “सूनबाय कुठं गेली गो?” आणि त्यांना उत्तर द्यायची लाज वाटायची. पाचव्या रविवारी मी परत आले तर मुलगी तापाने फणफणलेली, आणि दिवसभर तिला खांद्यावर घेऊन सासूबाईंचे डोळे लाल झालेले. मी मुलीला घेतलं. त्या चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “येत्या रविवारी मी येते तुझ्याबरोबर. तू तिला कायतरी इचार. तिनं तुला उत्तर दिलं तर ती बाय खरी, मग जा तू खुशाल. आणि नुसतीच आपली बोलत सुटली, तर ती पुस्तकं बांधायची आणि माळ्यावर टाकायची.”

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ताटाकडे बघितलं. धाटावला भल्याभल्या साहेबांपुढे तोंड उघडणारा माणूस आईपुढे असा मुका व्हायचा की विचारू नका.

म्हणजे सगळं एका प्रश्नावर आलं. प्रश्न मात्र शोधावा लागला नाही, तो आठवडाभर माझ्या डोक्यात घर करून बसलाच होता. अपूर्णांकांचा भागाकार. पुस्तकात लिहिलं होतं, खालचा आकडा वर करा आणि गुणा. करत होते मी, उत्तरही बरोबर येत होतं. पण सहाला अर्ध्याने भागलं की उत्तर बारा! भागायचं म्हणजे वाटायचं ना? मग वाटल्यावर वाढतं कसं? सहा भाकऱ्या वाटल्या तर बारा होतात का कुठे? असं असतं तर मिठागरावर एकही पोर उपाशी झोपलं नसतं. रागाने एकदा वही भिंतीवर फेकली होती मी. परीक्षेत हेच आलं आणि जरा फिरवून विचारलं, तर माझी बोंब होणार हे मला पक्कं माहीत होतं.

रविवारी आम्ही तिघी निघालो. सासूबाईंनी वालाची उसळ आणि भाकऱ्या फडक्यात बांधून घेतल्या होत्या. पेणला शाळेच्या जिन्यापाशी त्या जरा थांबल्या, मग कठड्याला धरून वर आल्या. सरांनी पुढचा बाक रिकामा करून दिला. “नको,” त्या म्हणाल्या, “बाकावर बसायला मी काय शाळंत हाय?” आणि दाराच्या उंबऱ्यावर मुलीला मांडीत घेऊन बसल्या. अर्ध्या आत, अर्ध्या व्हरांड्यात.

मुंग्या गेल्या, बाई आल्या, आम्ही उभे राहिलो. एव्हाना ती सवयच झाली होती. उभं राहायचं, “नमस्तेऽ” करायचं, क्षणभर थांबायचं आणि मग आपलं आपणच बसायचं. मागून सासूबाईंचा आवाज आला, “ती बघत नाय तर उभं कशाला ऱ्हाता गो?” काहीजण हसले, मी वहीत तोंड खुपसलं.

तासाचा शेवटचा पाव भाग प्रश्नांचा. पट्टीवर नंबर आला. सरांनी कोपऱ्यातला फोन उचलला, कानाला लावला, खटखट केलं, त्यात फुंकर मारली, पुन्हा कानाला लावला.

“मेलाय,” सर म्हणाले.

मेलाय! बाकी पाच रविवार जिवंत होता आणि आज मेलाय! उंबऱ्यावरून सासूबाई म्हणाल्या, “काय झालं?”

“फोन बंद हाय, आई.”

“मंग?”

त्यांनी ‘मंग’ असं काही म्हटलं, की मला लगेच माळ्यावरचा पुस्तकांचा गठ्ठा डोळ्यांपुढे दिसला.

तेव्हा मागच्या बाकावरून डोलवीचा एक गडी उठला. कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डिंगला होता. वर्गात तोंडातून शब्द काढायचा नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय समजायचं ते समजलं असावं. शाळेपुढे छोटं मैदान, मैदानापलीकडे रस्ता, रस्त्याच्या पलीकडे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. व्हरांड्यातून सरळ दिसायचा. “ताई, प्रश्न काय तुमचा?” त्याने विचारलं. मी सांगितला. त्याने नंबर तळहातावर लिहून घेतला आणि तीन-तीन पायऱ्या उतरत पळाला.

आम्ही टीव्हीकडे बघत बसलो. एक केंद्र बोललं, दुसरं बोललं. माझे प्राण कानात. पाच मिनिटं उरली असतील, आणि बाई म्हणाल्या, “पेण केंद्र, बोला.”

“हॅलो? मॅडम? हॅलो!”

डोलवीच्या गड्याचा आवाज टीव्हीतून! खिडकीतून मला बूथच्या काचेआड त्याची पाठ दिसत होती. माणूस तिकडे रस्त्यापलीकडे, आणि आवाज इकडे, माझ्या पुढ्यात. मी एकदा खिडकीकडे बघत होते, एकदा टीव्हीकडे. “मॅडम, आमच्या वर्गातल्या ताईंनी विचारलंय, अर्ध्यानं भागल्यावर उत्तर वाढतं कसं?”

बाई छान हसल्या. “फार चांगला प्रश्न. पण आधी मला सांगा, भागाकार म्हणजे काय असं त्या ताईंना वाटतं? त्यांनाच विचारा.”

झालं! गड्याने बूथमधून डोकं बाहेर काढलं, वर आमच्याकडे बघून हात हलवले आणि ओरडला, “ताई! भागाकार म्हंजे काय वाटतं तुम्हाला?” मी धावत व्हरांड्यात आले. उत्तर जिभेवर होतं. तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. मागे सासूबाई होत्या. सहा वर्षांत त्यांच्यापुढे मी आवाज चढवला नव्हता, तो भर रस्त्यावर, चार लोकांत चढवायचा? मांजरीच्या पिलासारखं काहीतरी बोलले मी. गड्याने कानाला हात लावला. आतून बाईंचा आवाज आला, “हॅलो पेण? आवाज येत नाहीये. आपण पुढच्या केंद्राकडे…”

सासूबाई उठल्या. मुलीला माझ्या हातात कोंबलं. “काय सांगायचंय?”

“भाग म्हंजे वाटणी,” मी पुटपुटले. “वाटणी केल्यावर वाढंल कसं?”

त्यांनी कठड्याला पोट टेकलं, एक हात तोंडाशी धरला आणि कुकारा घातला. शेतात कुकारा घालतात तो कसा असतो हे ज्याने ऐकलं नाही त्याला कसं सांगू? बांधावर उभ्या राहून त्या चहाला हाक मारायच्या तेव्हा चौथ्या शेतातला माणूस मान वर करायचा. “हूऊऊऊ! भाग म्हंजे वाटणी गो! वाटणी केल्यावर वाढंल कसं?” गड्याला तेवढी अक्कल सुचली. त्याने रिसीव्हर दोरी ताणून दाराबाहेर धरला, आमच्या दिशेने.

एक श्वास गेला. आणि मागे, वर्गातल्या टीव्हीतून सासूबाई ओरडल्या, “भाग म्हंजे वाटणी गो! वाटणी केल्यावर वाढंल कसं?”

सासूबाई गर्रकन वळल्या. तोंड तसंच उघडं. टीव्हीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा टीव्हीकडे. “मीच गो!” त्या म्हणाल्या. “मीच हाय ती!”

व्हय, त्याच होत्या. त्यांचा आवाज मैदान ओलांडून बूथवर गेला होता, तिथून तारेने कुठल्या कुठे त्या शहरात, तिथून आभाळात डस्टरपर्यंत, आणि तिथून परत फिरून बरोबर आमच्या गच्चीवरच्या डिशमध्ये, त्यांच्या डोक्यापासून चार हातांवर. हे सगळं एका श्वासात. मी सरांकडे बघितलं, तर पाच रविवार आम्हांला हेच समजावणारे सर आ वासून उभे होते.

टीव्हीतल्या बाई आधी दचकल्या, मग मनापासून हसल्या. “हा कुणाचा आवाज?”

“मी हिची सासू! वरशाची!”

“आजी, वरशाला भातशेती असेल तुमची. घरी भात कशानं मोजता?”

“पायलीनं! नायतर अधोलीनं!”

“अधोली म्हणजे अर्धी पायली. बरोबर? मग आजी, सहा पायल्या भात आहे. तुम्ही ते अधोलीनं मोजायला घेतलंत. किती मापं होतील?”

आता मी असते तर वही काढली असती. सासूबाईंनी हिशोब केला नाही, त्यांनी भात मोजायलाच घेतलं. दोन्ही हात पुढे केले, नसलेली अधोली नसलेल्या राशीत खुपसली, भरली, आणि व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे ओतली. “लाभ!” आमच्याकडे पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. पहिलं माप म्हणजे लाभ. मग दोन. “दोन! तीन! चार!” रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकून थांबला. मासळीची टोपली घेतलेली बाई थांबली, वर बघायला लागली. आणि मागे वर्गातल्या टीव्हीतूनही भात मोजलं जात होतं, एक श्वास मागून. सासूबाई व्हरांड्यात ‘सहा’ म्हणाल्या तेव्हा टीव्हीतल्या सासूबाई ‘पाच’ म्हणाल्या. राज्यातल्या प्रत्येक केंद्रावर, त्या खोकणाऱ्या माणसाच्या केंद्रावरसुद्धा, आमच्या वरशाचं भात मोजलं जात होतं. देवा रे! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि कडेवरची मुलगी ते पुसायला लागली.

“बारा!” सासूबाईंनी शेवटचं माप ओतलं. एका श्वासाने टीव्ही म्हणाला, “बारा!”

“म्हणजे भात वाढलं का, आजी?”

“वाढंल कसं? भात हाय तेवढंच!” त्या चिडूनच ओरडल्या, येवढंही कळत नाय का या सुरात. “माप बारकं, म्हून मापं जास्त!”

बाई पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, “याच्याहून सोपं करून मला सांगता येणार नाही. सगळ्या केंद्रांनी लिहून घ्या. माप बारकं, म्हणून मापं जास्त.” आमच्या वर्गात वीस-बावीस माना खाली गेल्या आणि पेनं चालायला लागली. माझी वही आत बाकावर होती, म्हणून मी तळहातावर लिहिलं. सहा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत त्या भात मोजत होत्या, शेजारी बसून मी पोत्याचं तोंड धरत होते, आणि तेच गणित पुस्तकात आल्यावर मी वही भिंतीवर फेकली होती. त्या दिवसापासून अपूर्णांकाला मी भ्याले नाही.

“आजी, अजून काही विचारायचंय?” बाईंनी विचारलं. एखादं मिनिट उरलं असेल.

सासूबाई विचारात पडल्या. मग पुन्हा हात तोंडाशी. “तुमाला आमी दिसतो का?”

“नाही, आजी,” बाई म्हणाल्या. त्यांचं हसू जरा कमी झालं. “माझ्यासमोर एक कॅमेरा आहे आणि दिवे आहेत. माणूस एकही दिसत नाही. तुम्ही सगळे आहात असं धरून मी बोलते.”

सासूबाईंचा हात खाली आला. मग एकदम काय आठवलं, की कठड्यावर ओणवून त्यांनी शेवटची हाळी दिली, “ही सगळी उभी ऱ्हातात तुमच्यासाठी! तुमी आल्यावर! तुमी बसाच म्हणत नाय!”

एका श्वासाने ते बाईंच्या कानांवर पोचलेलं आम्ही बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात संगीत सुरू झालं, पट्टी आली, वेळ संपली. टीव्हीवर परत मुंग्या.

परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीशी बसल्या. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली. माझा जीव टांगणीला. पुस्तकं माळ्यावर की कपाटात, विचारायची छाती होईना. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा त्या बाहेर बघतच म्हणाल्या, “तिला कोण म्हंजे कोण दिसत नाय. तरी शिकवते.”

मी “व्हय” म्हटलं.

गाडी सुटली. बऱ्याच वेळाने, मुलीच्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या, “आन मी तुला रोज बघते.”

मी झोपलेल्या मुलीचे पाय माझ्या मांडीवर घेतले. त्या आठवड्यात माझ्या पुस्तकांना कुणी हात लावला नाही, आणि एका दुपारी मी वालाला पाणी द्यायला उठले तर त्या म्हणाल्या, “बस तू वाचत, मी जाते.” इतक्या तुटकपणे म्हणाल्या की मी घाबरून पाच मिनिटं तेच पान वाचत बसले. शनिवारी त्यांनी ठेवणीतलं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं आणि विचारलं, “सकाळची गाडी कितीची?”

“तुम्ही येताय, आई?”

“मंग? तुझा आवाज कोण पोचवणार?”

पेणला गेलो तर फोन दुरुस्त झाला होता. सासूबाईंना ते फारसं आवडलं नाही. “आता माझं काय काम,” असं म्हणून त्या आपल्या उंबऱ्यावर बसल्या. डोलवीच्या गड्याने वळून त्यांना रामराम केला. मुंग्या गेल्या. बाई दिसल्या. आम्ही बाक सरकवून उभे राहिलो आणि “नमस्तेऽ बाईऽ” म्हणालो.

बाईंनी नमस्कार केला, पण शिकवायला सुरुवात केली नाही. त्या समोर बघत राहिल्या, काचेतून थेट आमच्याकडे. इतका वेळ की सरांना वाटलं चित्र अडकलं, आणि ते डिश बघायला दाराकडे निघाले. तेवढ्यात बाई बोलल्या.

“सहा रविवार मी तुम्हाला उभं ठेवलं,” त्या म्हणाल्या. “मला माहीत नव्हतं. ज्या ज्या केंद्रावर जे कुणी माझ्यासाठी उभे आहेत, त्या सगळ्यांनी… बसा.”

आम्ही बसलो. खरखर असा बाकांचा आवाज झाला. राज्यभर झाला असेल. बाईंना तो ऐकू गेला नसणार, तरी तो संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “पेणच्या आजी, तुम्हीसुद्धा बसा.”

मी मागे वळून बघितलं. सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या नव्हत्या. डोक्यावर पदर, एका हातात मुलीचा हात, ताठ उभ्या होत्या. आमच्याबरोबर कधी उठल्या ते मला कळलंच नव्हतं. उभ्या आयुष्यात कुठल्या बाईंनी, कुठल्या मास्तरांनी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. त्या उंबरा ओलांडून आत आल्या. मी सरकले. त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या, मुलीला मांडीत घेतलं, लुगडं नीट केलं आणि टीव्हीवरची नजर न काढता माझ्या कानाशी म्हणाल्या, “बघ गो, दिसलो तिला.”